केळशीकर साहेबांचं चौथं टेंडर

केळशीकर साहेब लिफाफा उघडण्याआधी त्याचा वास घ्यायचे. दुपारी साडेतीनला टेंडरची पेटी उघडायची, लाखेचे सील मारलेले लिफाफे टेबलावर मांडायचे, समोर ठेकेदार ओळीनं बसलेले, आणि आमच्या ऑफिसचा हा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर एकेक लिफाफा नाकाशी धरून शांतपणे हुंगतोय. मी नुकताच नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आलो होतो. मला वाटलं, माणसाला सर्दी असेल. चौथा लिफाफा हुंगून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि ठेकेदारांसमोरच मराठीत म्हणाले, "लवंगेचं तेल. चार ठेकेदार, चार गल्ल्यांतले चार पत्ते, आणि चिकटवायची खळ एकाच वाटीतली. देवधर, परत काढा."

परत काढा म्हणजे टेंडर रद्द. पुन्हा नोटीस, पुन्हा जाहिरात, पुन्हा तीन आठवडे वाट. हे दोन शब्द मी त्या माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले, की घरी पोळी करपली तरी माझ्या तोंडून तेच निघायला लागलं. ऑफिसातले बंगाली कारकून त्यांना पाठीमागे 'आबार साहेब' म्हणायचे. आबार म्हणजे पुन्हा. हे नाव साहेबांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता, हे त्याहून वैताग आणणारं.

आता त्यांचं चुकत होतं असं नाही. आमच्याकडे पाइप, पंप, टाक्या ह्या कामाचे पाच-सहा ठेकेदार होते आणि त्यांची रिंग होती हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. टेंडरच्या दिवशी सकाळी ऑफिससमोरच्या मिठाईच्या दुकानात, आतल्या खोलीत, सगळे जमायचे. ह्या वेळी पाळी कुणाची ते ठरायचं. पाळीवाला दीडपट दर लिहायचा, बाकीचे त्याच्याहून वर. मग एकाच वाटीतली खळ लावून लिफाफे बंद, आणि चहाचे आणि संदेश मिठाईचे पैसे पाळीवाल्यानं द्यायचे. रिंगचे म्होरके हाजराबाबू. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, बोलणं अगदी मऊ. केळशीकरांच्या आधीच्या साहेबांना ह्यातलं काही दिसत नसे, किंवा दिसलं तरी चालत असे.

केळशीकर साहेबांनी एकदा काय करावं? चार लिफाफे टेबलावर, अजून एकही उघडलेला नाही. साहेबांनी कोपऱ्यातल्या एका जाड्या ठेकेदाराला उभं केलं आणि हिंदीत विचारलं, "लिफाफा खोलने से पहले बताइए, आपने क्या रेट भरा है?" तो बिचारा हाजराबाबूंकडे बघायला लागला. हाजराबाबू छताकडे. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "शाहेब, जो लिखा है वोही." साहेबांनी तो उद्गार रजिस्टरात जसाच्या तसा उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. पुढं काय म्हणाले हे सांगायची गरज नाही. त्याच्या पुढच्या वेळी सगळे ठेकेदार आपापले दर पाढ्यांसारखे पाठ करून आले, आणि विचारायच्या आतच म्हणायला लागले.

हा रोग ऑफिसपुरता असता तर मी सोसला असता. रविवारी आम्ही दोघं बाजारात जायचो. तीन कोळ्यांनी इलिशचा एकच भाव सांगितला, तर साहेब रिकामी पिशवी घेऊन घरी. "तिघांचा भाव एक कसा? ठरवलेलं आहे." अहो, मासा एकाच नदीतला, एकाच दिवशीचा, भाव एकच असणार. पण सांगतोय कोणाला. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "तुम्ही कशाला डोकं लावता? आमच्या लग्नात ह्यांनी बँडवाल्यांची तीन कोटेशनं मागवली होती. तिघांचा दर सारखा निघाला. आमची वरात बिनबँडची निघाली."

ऑफिसनं आम्हाला सॉल्ट लेकमध्ये क्वार्टर्स दिली होती. तेव्हा तिथं वस्ती फार नव्हती. नदीतून आणून टाकलेली रेती, उंच गवत आणि मध्येच आमच्या पिवळ्या इमारती. कॉलनीला पाणी एका पंपावर. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पंप बंद पडला तो पडलाच. पंप आणि पाइप दोन्ही नवे हवेत असा निकाल साहेबांनीच दिला. तोवर सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या हापशावरून पाणी आणायचं. हापशाच्या पाण्याला लोखंडाचा वास. रात्रभर भरून ठेवलं की सकाळी बादलीच्या तळाशी तांबडा गाळ.

माझ्या बायकोला, सुमनला, तेव्हा पाचवा महिना. तिच्या माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण कलकत्त्यालाच करायचं ठरलं होतं. आधीच्या खेपेला दिवस भरण्याआधीच बिनसलं होतं, आणि डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं. मी सकाळी सहा बादल्या भरून ऑफिसला जायचो. त्या दुपारपर्यंत संपायच्या. मग ती उचलायची, आणि मला सांगायची नाही. पण दाराशी सांडलेलं पाणी काय लपतंय?

पहिलं टेंडर निघालं. पाळी हाजराबाबूंची, दर दीडपट. परत काढा. दुसरं निघालं. तोच दर, त्यात वर वाहतूक. परत काढा. मी म्हणालो, "साहेब, पिण्याचं पाणी आहे. ह्या एका वेळी देऊन टाकू या."

"पाण्याला दीडपट का, देवधर? पाइप सोन्याचे आहेत का? लोकांना तहान लागली आहे हे त्यांना कळलंय, म्हणून. तहानेचा दर मी मंजूर करणार नाही."

बरं, म्हणावं की ह्याला स्वतःला झळ नाही, तर तीही सोय नव्हती. हा माणूस त्याच कॉलनीत राहायचा. सकाळी लुंगी वर खोचून, दोन बादल्या घेऊन, कारकुनांच्या रांगेत उभा. कुणी पुढं जा म्हटलं तर जायचा नाही. रांगेतल्या बायका त्यांच्याकडे बघून मोठ्यानं बंगालीत काय काय बोलायच्या, आणि हे प्रसन्नपणे 'नमोश्कार' करायचे. सुमन एकदा मला म्हणाली, "तुमच्या साहेबांची तत्त्वं फार छान आहेत हो. पण ती माझ्या कंबरेवर कशाला?"

तिसऱ्या टेंडरच्या वेळी साहेबांनी शक्कल काढली. रिंग मोडायची तर रिंगबाहेरचा माणूस हवा. कुणीतरी सांगितलं, बजबजला एक पंपमिस्त्री आहे, नाव करीम, ताग-गिरण्यांची कामं करतो, सचोटीचा आहे. रविवारी साहेबांनी मला लोकलमध्ये कोंबलं आणि आम्ही बजबजला गेलो. करीममिस्त्री आपल्या शेडमध्ये पंप उघडून बसला होता. सरकारी कामाच्या नावानं तो आधी घाबरला. साहेबांनी त्याला टेंडर फॉर्म कुठं मिळतो, किती प्रती लागतात, सही कुठं करायची, सगळं समजावलं. दर काय भरायचा हे मात्र एका अक्षरानं सांगितलं नाही. तो विचारत होता, तर म्हणाले, "ते मी ऐकलं तरी पाप आहे." मिस्त्री म्हणाला, येतो. परतताना साहेब इतके खुशीत होते, की स्टेशनवर त्यांनी भाव न विचारता पेरू घेतले.

टेंडरच्या दिवशी तीन वाजले. साहेब घड्याळाकडे बघतायत, मी दाराकडे. मिस्त्री नाही. तीनला पेटी बंद केली. तीन वाजून वीस मिनिटांनी करीममिस्त्री धापा टाकत आला, हातात लिफाफा, आणि बोटं पाकानं चिकट. हाजराबाबूंनी त्याला दारातच गाठून मोठ्या आदरानं मिठाईच्या दुकानात नेलं होतं. नवीन माणूस, पहिलं टेंडर, तोंड गोड करा. एक रसगुल्ला, दुसरा, मग दही, मग गप्पा. दुकानातलं घड्याळ अर्धा तास मागे होतं, आणि ते त्याच दिवशी मागे पडलं असावं. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी साहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "अजून एकही लिफाफा उघडलेला नाही. वीस मिनिटं. घ्या त्याचा."

"नोटिशीत काय लिहिलंय? तीन. तीन म्हणजे तीन."

"साहेब, त्यांनी फसवलंय त्याला."

"ते खरंच. पण उद्या हाजरा वीस मिनिटं उशिरा आला, तर त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

मिस्त्रीचा लिफाफा न उघडता परत गेला. रिंगचा दर दीडपट. साहेब खुर्चीत मागं टेकले, चष्मा पुसला, आणि मी त्यांच्याआधीच ते दोन शब्द म्हणालो. माझा आवाज चढला होता. असा संताप मला आयुष्यात क्वचित आलाय. चोरांचा राग येतो तो वेगळा. हा प्रामाणिक माणसावरचा राग होता, आणि तो कुठं काढायचा हेच कळत नाही.

घरी आलो तर सुमन पलंगावर. दुपारी पोटात कळा आल्या होत्या, शेजारच्या बोसकाकूंनी डॉक्टर बोलावला होता. ह्या वेळी निभावलं, डॉक्टर म्हणाले. सातवा महिना चालू होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सरळ त्या मिठाईच्या दुकानात गेलो. आता जे सांगतो ते नीट सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक कामाचा एक अंदाज काढलेला असे. त्या अंदाजाच्या दहा टक्के वरपर्यंतचा दर मंजूर करायचा साहेबांना अधिकार होता. आकडा गुप्त. तो साहेबांनी काढायचा, मी तपासायचा, आणि मग कपाटात कुलूप. म्हणजे तो जगात दोघांना ठाऊक.

हाजराबाबू एकटेच होते. मी म्हणालो, दीडपटीला साहेब मरतील पण सही करणार नाहीत, आणि तुम्हीही काम मिळाल्याशिवाय सोडणार नाही, मधल्यामध्ये आमची माणसं मरतायत. हाजराबाबूंनी छत्री भिंतीला टेकवली आणि हळूच विचारलं, "तो कोतने में होगा, शाहेब?"

मी आकडा सांगितला. आणि वरचे दहा टक्केही सांगितले. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. फक्त मान हलवली आणि माझ्यासाठी एक संदेश मागवला. मी तो खाल्ला. पैसे मी घेतले नाहीत, मला कुणी देऊही केले नाहीत, पण तो संदेश मी खाल्ला, हे मला अजून बोचतं.

चौथं टेंडर उघडलं. साहेबांनी लिफाफे हुंगले. ह्या वेळी खळ वेगवेगळी होती. हाजराबाबू कामाचे पक्के. सगळ्यांत खालचा दर त्यांचाच, मर्यादेच्या अगदी किंचित आत. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग कपाट उघडून अंदाज काढला, ताडून बघितला. वाटलं, आता ह्या नाकाला वास आल्याशिवाय राहत नाही.

"देवधर," ते म्हणाले, "मोडली की नाही रिंग?"

मी म्हणालो, "दर मर्यादेला फार चिकटून आहे, साहेब." का म्हणालो कोण जाणे. पकडलं जावं असं वाटत असेल.

"असेना. आकडा ठाऊक कुणाला? मला आणि तुला. मी बोललो नाही, तू बोलणार नाहीस. म्हणजे हा दर त्यांनी खरा हिशोब करूनच भरलेला आहे. तीनदा परत काढलं, तेव्हा आले ना जमिनीवर?" आणि त्यांनी सही केली. सगळ्या जगाचा संशय घेणारा हा माणूस. कोळ्यांचा, बँडवाल्यांचा, खळीच्या वाटीचा. एक माणूस संशयातून वगळला, तो नेमका मी.

नवा पंप बसला. पाणी आलं. कॉलनीतल्या बायकांनी नळ नुसता सोडून ठेवून बघितला. महिन्याभरात आम्हाला मुलगी झाली, धडधाकट. साहेबांनी ऑफिसभर संदेश वाटले आणि येईल त्या नव्या माणसाला रिंग मोडल्याची हकिगत सांगायला लागले. दर वेळी मला साक्षीला उभं करायचे. "विचार ह्याला. हा होता तिथं." मी हो म्हणायचो. निवृत्त होण्याआधी त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं की ह्याच्या सचोटीबद्दल मी स्वतः हमी देतो. त्या वाक्यावर पुढं दोन वर्षांनी मला बढती मिळाली, आणि त्यांचीच खुर्ची.

त्या खुर्चीत माझं पहिलं टेंडर निघायच्या आदल्या दिवशी हाजराबाबू आले. बसा म्हणायच्या आत बसले. छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "शाहेब, एइ बार कोतना?" म्हणजे ह्या वेळचा आकडा किती. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते उठले, अजिबात रागावले नाहीत. दारातून म्हणाले, "ठीक आछे. बाद में आएगा." ह्या माणसाला केवढी खात्री होती! ती खात्री मीच दिलेली.

मी रजा टाकली आणि दापोलीला गेलो. निवृत्तीनंतर साहेब तिथं येऊन राहिले त्याला दोन वर्षं झाली होती. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की दारात उभं राहूनच त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, "अहो, या. रिंगची गोष्ट सांगितली ना तुम्हाला? हाच तो." शेजारी गेल्यावर मी सगळं सांगितलं. दुकान, आकडा, दहा टक्के, संदेश. सुमनचंही सांगितलं.

माझी अपेक्षा होती की साहेब ओरडतील, हाकलून देतील. निदान रडतील. ते म्हणाले, "सुमन तेव्हा पाणी उचलत होती?" मी म्हणालो, हो. "मला सांगितलं असतंस तर मी आणून दिलं असतं." म्हणजे बघा. ह्या माणसाला सुचलं ते हे. दीडपटीला मंजुरी द्यावी, असं नाही. चार बादल्या आणखी उचलाव्यात. मी चिडून म्हणालो, "साहेब, तुम्ही किती जणांच्या बादल्या उचलणार होतात?" माईंनी पानं घेतली. आम्ही जेवलो. संध्याकाळी त्यांनी मला बसवर बसवलं, माझी पिशवी स्वतः उचलून.

मी कलकत्त्याला परतून पंधरा दिवस झाले असतील. टपालात एक पत्र आलं, पत्ता एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरचा. म्हणजे माझा. हस्ताक्षर ओळखीचं, साहेबांचं. पण आत 'प्रिय देवधर' नाही. सगळं सरकारी भाषेत. अमुक टेंडरचा गुप्त अंदाज माझ्या ताब्यातून बाहेर गेल्याचं माझ्या निदर्शनास आलं आहे. तो कुणामुळे गेला हा प्रश्न गैरलागू आहे, कारण ताबा माझा होता. खात्याचं जे नुकसान झालं असेल ते माझ्या पेन्शनमधून वळतं करावं आणि योग्य ती कारवाई करावी. खाली सही, आपला आज्ञाधारक. मला अरे-तुरे करणारा माणूस.

त्यांना ठाऊक नव्हतं का, त्या खुर्चीत कोण बसलंय? होतं. पण नियमानं असं पत्र त्या खुर्चीलाच जातं, तेव्हा त्यांनी खुर्चीला लिहिलं. दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, मला वाचवायला लिहिलंय, किंवा मला डिवचायला. ह्यांच्या डोक्यात ह्यातलं काहीही नसणार. ते पत्र मी टराटरा फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला, तो तिसऱ्या टेंडरच्या दिवशीही आला नव्हता.

मी जुनी फाईल मागवली, पत्र तिच्यात लावलं आणि खाली शेरा लिहिला: आकडा तेव्हाचे असिस्टंट इंजिनिअर देवधर यांनी ठेकेदाराला सांगितला. सही केली आणि फाईल वर पाठवली. चौकशी झाली. मला टेंडरच्या कामावरून काढून नकाशांच्या विभागात बसवलं, पुढची बढती थांबली. हाजराबाबू पुन्हा माझ्या खोलीत आले नाहीत; तिथं त्यांचं काही काम नव्हतं. सुमन म्हणाली, "बरं झालं. आता नीट जेवाल तरी."

साहेबांना मी कळवलं की तुमच्या पत्राखाली माझं नाव घातलंय, आता तुमच्या पेन्शनचं काढू नका. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. बारीक अक्षरात तीन ओळी. "तुझं नाव घालायचं कारण नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. खात्याला पुन्हा लिहिलं आहे."

आता ह्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा? मी घालायचं ठरवलं. रविवारी बसून चार पानं लिहिली. किल्ली आणि तोंड ह्यातला फरक समजावून सांगितला, बजबजच्या मिस्त्रीची वीस मिनिटं काढली, सुमनच्या कळा काढल्या, तुमच्या हट्टापायी आम्हाला काय सोसावं लागलं ते एकदाचं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही, आणि पुन्हा बघायची माझी तयारी नाही. सोमवारी पाकीट टपालात टाकायला निघालो, तर दारात तारवाला. माईंची तार होती. साहेब आदल्या दिवशी, रविवारी सकाळीच गेले होते.